पॅकेज व्यवस्थापकाच्या लायब्रऱ्यांच्या सीमा कोठे आखाव्यात?

साकव, मालवण

नमस्कार. हा धागा प्रत्यक्ष कामातल्या एका अडचणीतून सुरू करत आहे. धाग्यात ‘लायब्ररी’ म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड आणि ‘वाचनालय’ म्हणजे पुस्तकांचे, एवढा भेद पाळतो, नाहीतर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल.

आमच्या खाडीकाठच्या तीन शाळा आणि एक वाचनालय यांत मिळून बारा संगणक आहेत, सर्वांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि ते अद्ययावत ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. तिथे इंटरनेट मोबाइलच्या भरवशावर चालते, म्हणून मी पॅकेजे (प्रोग्राम आणि लायब्रऱ्या यांचे बांधून ठेवलेले संच) घरी उतरवून घेतो, पेन ड्राइव्हवर भरतो आणि आठवड्यातून एकदा एसटीने जाऊन चढवतो. त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट वाढत वाढत आता अशी झाली आहे, की एक ओळ बदलली तर दुसरीकडे काय मोडेल हे मलाही सांगता येत नाही.

मागच्या आषाढात एका शाळेत पॅकेजे चढत असताना लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी दमलेली असल्यामुळे संगणक जागच्या जागी बंद पडला. दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला, पण चित्रे पाहण्याचा प्रोग्राम काही उघडेना. शोधत गेलो तेव्हा जेपेग चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीची नवी फाइल जागेवर होती, नाव बरोबर होते, मात्र तिची लांबी शून्य बाइट होती. पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजी या डेबियनच्या साधनाच्या नोंदवहीत तेच पॅकेज व्यवस्थित बसले आहे असे लिहिलेले होते. चूक माझ्या स्क्रिप्टची होती. जुन्या हार्ड डिस्कवर काम लवकर उरकावे म्हणून मी डीपीकेजीला ‘अनसेफ आयओ’ हा पर्याय दिला होता. त्या पर्यायाने पॅकेजमधल्या फाइली डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबण्याची पायरी गाळली जाते, पण नोंदवही मात्र नेहमीसारखीच पक्की लिहिली जाते. म्हणजे पावती फाटली आणि माल पोचलाच नाही.

आता मी हे सारे, म्हणजे एक लहान पॅकेज व्यवस्थापकच, सी भाषेत, नीट विभागून, पुन्हा लिहायला घेतले आहे. प्रत्येक कामाला एक लायब्ररी या हिशेबाने सात लायब्रऱ्या होतात: याद्या वाचणारी, कोणाला काय लागते ते सोडवणारी, उतरवून घेणारी, सही (पॅकेजे खऱ्या ठिकाणाहूनच आली याची डिजिटल खूण) तपासणारी, पॅकेज उलगडणारी, ते कामाला लावणारी आणि नोंद ठेवणारी. पण त्या शून्य बाइटच्या फाइलीनंतर मला हा हिशेब पटेनासा झाला आहे. माझे म्हणणे असे, की लायब्ररी काय काम करते यावरून तिची सीमा आखू नये. ते काम चालू असताना वीज गेली तर मागे काय अर्धवट राहते, यावरून आखावी. यादी वाचणे आणि अवलंबित्व सोडवणे यांत डिस्कवर काहीच लिहिले जात नाही, तेव्हा तिथे वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, नुकसान काही नाही. उतरवून घेताना अर्धी फाइल राहते, पण ती ‘पार्शल’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवली की निरुपद्रवी असते. पॅकेजे उतरवून डीपीकेजीकडे देणारे डेबियनचे साधन एपीटी हेच करते आणि पुढच्या वेळी उरलेल्या भागापासून पुढे उतरवते. उलगडणे आणि नोंद करणे यांची गोष्ट निराळी आहे, कारण एकाचे खरेपण दुसऱ्यात आहे. या दोन्ही कामांना एकाच लायब्ररीत ठेवावे, म्हणजे एकाची खबरदारी चालू आणि दुसऱ्याची बंद असे कोणाला करताच येणार नाही.

जाणकारांनी हे तपासून पाहावे, ही विनंती.

आगरातली, दापोली

साकवदादा, मी उपजीविकेसाठी पॅकेजे बांधते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. उलगडणे आणि नोंद एकत्र असावी, या मुद्द्याला माझी पूर्ण सहमती आहे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि अर्धवट अवस्थेतला संगणक किती काळ अर्धवट पडून राहू शकतो ते तेव्हा कळले.

डीपीकेजीची आतली रचना याच भीतीतून घडलेली आहे, म्हणून ती थोडी जवळून पाहू. पॅकेजमधली प्रत्येक फाइल आधी मूळ नावापुढे ‘डीपीकेजी-न्यू’ हे शेपूट लावून लिहिली जाते, मग ती डिस्कवर उतरल्याची खात्री एफसिंक या फंक्शनने केली जाते आणि त्यानंतरच नाव बदलून ती खऱ्या जागी येते. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणे हे अविभाज्य काम असते: पाहणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते किंवा नवी, मधले काही दिसत नाही. तुमच्या प्रकरणात एफसिंक गाळला गेला, आणि आवृत्ती बदलल्यामुळे लायब्ररीच्या फाइलीचे नावही नवे असावे. जुन्या फाइलीवर नवी फाइल नाव बदलून आणली, तर ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम आधी नव्या फाइलीतली माहिती डिस्ककडे रवाना करते. नाव अगदीच नवे असेल तर तो आधार मिळत नाही. लांबी शून्य निघाली ती यामुळे असावी.

नोंदवहीचेही तसेच आहे. प्रत्येक पायरीला संपूर्ण स्टेटस फाइल पुन्हा लिहिणे परवडत नाही, म्हणून डीपीकेजी आधी ‘अपडेट्स’ नावाच्या फोल्डरात क्रमांकाच्या लहान लहान फाइली टाकते आणि नंतर त्या मुख्य नोंदवहीत मिळवते. पॅकेजच्या अवस्थाही ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोनच नाहीत. अर्धे बसलेले, उलगडलेले, अर्धे कामाला लागलेले आणि पूर्ण बसलेले, या प्रत्येक टप्प्याला नाव आहे, आणि नाव आहे म्हणूनच वीज परत आल्यावर पुढे कोठून जायचे ते यंत्राला कळते. तुमच्या लायब्ररीत या अवस्था पहिल्या दिवसापासून असाव्यात. मागाहून घालायला गेलात तर सगळी नोंदवही बदलावी लागेल.

माझा मतभेद आहे तो सातच्या आकड्याशी, आणि तीन केल्यात तरी तो राहीलच. कोडाची आतली विभागणी वेगळी आणि बाहेर वाटायच्या लायब्रऱ्या वेगळ्या. आत तुम्ही सात काय, सतरा विभाग करा, कोणाला काही वाटणार नाही. पण वेगळी ‘डॉट एसओ’ फाइल (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी) म्हणून जे बाहेर देता, ते प्रत्येक एक वचन असते: याच्यावर कोणी प्रोग्राम बांधला तर पुढच्या आवृत्तीत तो मोडणार नाही. सात वचने एकट्या माणसाला पाळता येत नाहीत. माझ्यासमोर आलेली जी लहान साधने कालांतराने सांभाळायला अशक्य झाली, त्यांतल्या बऱ्याचशांचे दुखणे हेच होते.

नवखा, रत्नागिरी

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न प्राथमिक वाटला तर क्षमा असावी. ताईंनी वचन म्हटले ते नक्की कशाचे? फंक्शनची नावे आणि त्यांचे अर्थ तेच ठेवले आणि स्ट्रक्चरमध्ये (माहितीची घरे एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) फक्त एक नवे घर वाढवले, तर जुना प्रोग्राम मोडण्याचे काही कारण मला दिसत नाही. तो त्या नव्या घराकडे पाहणारच नाही ना?

गलबत, गुहागर

नवखा, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आहे, कारण बहुतेक जण ठेचकाळतात ते इथेच.

समजा साकव यांनी हेडर फाइलीत (लायब्ररी बाहेरच्याला काय देते ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘पॅकेज’ नावाचे स्ट्रक्चर दिले आहे आणि त्यात तीन घरे आहेत: नावाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), आवृत्तीचा पॉइंटर आणि आकार. ६४ बिटांच्या यंत्रावर प्रत्येकी ८ बाइट धरले तर २४ बाइट झाले. वाचनालयातल्या कोणी या लायब्ररीवर एक लहान प्रोग्राम बांधला आणि त्यात आपल्या स्टॅकवर (कामापुरत्या मेमरीत) असे एक ‘पॅकेज’ ठेवले. कंपायलरने (कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या साधनाने) हेडर पाहून २४ बाइटांची जागा आखली आणि तो आकडा प्रोग्रामच्या पोटात कायमचा कोरला गेला. पुढच्या वर्षी साकव यांनी सहीसाठी चौथे घर वाढवले, आता नव्या लायब्ररीच्या हिशेबी तेच स्ट्रक्चर ३२ बाइटांचे आहे. वाचनालयातला प्रोग्राम पुन्हा कंपाइल झालेला नाही. तो २४ बाइटांची जागा देऊन म्हणतो, यात पॅकेजची माहिती भर. लायब्ररी बिनदिक्कत ३२ बाइट लिहिते. शेवटचे ८ बाइट शेजारच्या कोणत्यातरी चलावर पडतात. प्रोग्राम तिथे पडेलच असे नाही. तो कदाचित दहा मिनिटांनी, संबंध नसलेल्या जागी, चुकीचे उत्तर देईल. जुन्या प्रोग्रामने नव्या घराकडे पाहिले नाही हे तुझे म्हणणे खरे आहे, पण नवी लायब्ररी त्या घरात लिहिते आहे.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. स्ट्रक्चरची घरे हेडरमध्ये दाखवूच नयेत. बाहेरच्याला फक्त पॉइंटर द्यावा. पॅकेज निर्माण करण्याचे, त्याचे नाव विचारण्याचे आणि शेवटी ते मोकळे करण्याचे फंक्शन आपणच पुरवावे. मग आतल्या घरांची संख्या हा आपला खासगी मामला राहतो. ज्या लायब्ररीने मेमरी घेतली तिनेच ती सोडावी, हा नियमही त्यातच येतो. याखेरीज कंपायलरला सर्व फंक्शने आपोआप लपवायला सांगावे आणि जी मुद्दाम द्यायची आहेत तेवढीच उघडी करावीत. एकदा बाहेर दिसलेले फंक्शन कोणीतरी वापरतोच.

आणि तरीही वचन मोडावे लागले, तर तसे जाहीर करायची सोय सोनेममध्ये आहे. लायब्ररीच्या पोटात तिचे नाव आणि एक क्रमांक लिहिलेला असतो, प्रोग्राम तो क्रमांक लक्षात ठेवतो आणि सुरू होताना नेमकी तीच लायब्ररी मागतो. डेबियन हा क्रमांक पॅकेजच्या नावातच घालते. एपीटीची स्वतःची लायब्ररी डेबियन १२ मध्ये ‘लिबएपीटी-पीकेजी ६.०’ आहे आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ‘७.०’. नावे वेगळी असल्यामुळे बदलाच्या काळात दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात.

सी++ वापरायचा मोह झाला तर एवढे ध्यानात ठेवावे, की २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंगची आतली मांडणी बदलली आणि असंख्य लायब्रऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या. आत हवे तितके सी++ लिहा, पण बाहेरचा दरवाजा सी भाषेचाच ठेवा. पायथन, रस्ट, सगळ्यांना त्या दरवाजातून येता येते.

कधी कधी आपली काही चूक नसतानाही वचन मोडते. ३२ बिटांच्या यंत्रांवर वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाल्यावर संपतो. म्हणून डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिटांच्या एआरएमसारख्या यंत्रांसाठी तो ६४ बिटांचा केला. ज्या लायब्रऱ्यांच्या हेडरमध्ये वेळेचा हा प्रकार उघडा होता त्यांचे एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामशी असलेला करार, बदलले आणि शेकडो पॅकेजांच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट लावावे लागले. साकव यांनी आपल्या हेडरमध्ये वेळ द्यायची झाली तर ती सरळ ६४ बिटांच्या पूर्णांकात द्यावी.

कातळ, राजापूर

आगरातली यांच्या ‘कमी लायब्रऱ्या द्या’ या सल्ल्याची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तो सल्ला टोकाला नेला की काय होते याचे उदाहरण फार जुने नाही.

लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला पूर्वी चार लहान लायब्रऱ्या होत्या: एक सेवेची स्थिती कळवण्यासाठी, एक जर्नलसाठी (घडामोडींच्या नोंदींसाठी), एक लॉगिनसाठी आणि एक ओळख-क्रमांकांसाठी. २०१४ मध्ये, २०९ व्या आवृत्तीत, त्या एकत्र करून एकच ‘लिबसिस्टिमडी’ करण्यात आली. चारही लायब्रऱ्यांत आतला कोड सामायिक होता, त्यामुळे एकीकरणाला सबळ कारण होते. पण जर्नलच्या नोंदी दाबून ठेवण्यासाठी या एकत्रित लायब्ररीला एक्सझेड या संकुचनाच्या (फाइली दाबून लहान करण्याच्या) प्रकल्पातली ‘लिबएलझेडएमए’ लागत होती. डेबियन आणि आणखी काही वितरणांनी एसएसएच सर्व्हरला (दुरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रामला) सिस्टिमडीकडे ‘मी सुरू झालो’ एवढा एक निरोप देता यावा म्हणून लिबसिस्टिमडी जोडली होती. त्या एका निरोपामागोमाग संकुचनाची संपूर्ण लायब्ररी, सर्वाधिकार असलेल्या प्रोग्रामच्या मेमरीत येऊन बसली.

२९ मार्च २०२४ रोजी सॉफ्टवेअर अभियंते आन्द्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केले, की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा पेरलेला आहे. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना त्यांना तो सापडला. पेरणाऱ्याने वाट धरली होती ती हीच: एसएसएचकडून लिबसिस्टिमडीकडे आणि तिथून लिबएलझेडएमएकडे. सिस्टिमडीमध्ये त्या सुमारास संकुचनाच्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडण्याचा बदल सुरू होता. त्याच वर्षी जुलैत आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये तो निरोप कोणतीही लायब्ररी न जोडता स्वतःच पाठवण्याची सोय झाली. निरोप पाठवणे म्हणजे एका सॉकेटवर एक ओळ लिहिणे असते, त्याला लायब्ररीची गरज मुळात नव्हतीच.

म्हणून साकव यांना माझे सांगणे असे, की वीज गेल्यावर काय उरते हे जरूर पाहा, पण त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारा: ही लायब्ररी जोडणाऱ्याच्या अंगणात आणखी कोण कोण येणार आहे? समजा, वाचनालयातल्या कोणाला फक्त बसलेल्या पॅकेजांची यादी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायची आहे. त्याच्या प्रोग्रामात सही तपासणारी, जाळ्यावरून उतरवणारी आणि संकुचन उलगडणारी लायब्ररी येता कामा नये.

आगरातली, दापोली

कातळ, तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि माझ्या सल्ल्यात तो राहून गेला होता. डीपीकेजी स्वतः बसण्याआधी लिबएलझेडएमए, झेडस्टँडर्ड आणि आणखी काही लायब्रऱ्या तयार असाव्या लागतात, म्हणजे पॅकेज व्यवस्थापक ज्या वस्तू बदलतो त्यांच्याच खांद्यावर उभा असतो. आकडा किती यापेक्षा सोबत काय ओढले जाते ते पाहावे, हे बरोबर. तरीही दोनच्या पुढे जाऊ नये, असेच मी म्हणेन.

अवलंबित्व सोडवणाऱ्या भागाबद्दल थोडे लिहिते, कारण शुद्ध ठेवलेली लायब्ररी किती दूर जाऊ शकते ते त्यात दिसते. कोणती पॅकेजे एकत्र बसू शकतात हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-पूर्ण आहे, म्हणजे तो नेहमी झटपट सोडवण्याची पद्धत कोणालाही ठाऊक नाही. ‘हे किंवा ते’ आणि ‘हे असेल तर ते नको’ अशा अटी आल्या की तो तर्कशास्त्रातल्या सॅट (सर्व अटी एकदम खऱ्या होऊ शकतात का, या) प्रश्नाइतकाच कठीण होतो. ओपनसुसे या लिनक्स वितरणाने २००८ च्या ११.० आवृत्तीत सॅटवर आधारलेला सॉल्व्हर (असा प्रश्न सोडवणारा भाग) आणला, आणि त्यातून ‘लिबसॉल्व्ह’ ही स्वतंत्र लायब्ररी उभी राहिली. ती पॅकेजे बसवण्याच्या भानगडीत पडत नाही. तिला भांडारात (पॅकेजांच्या साठ्यात) काय आहे, यंत्रावर काय आहे आणि काय हवे आहे एवढे सांगावे, ती काय घालायचे व काय काढायचे त्याची यादी परत देते. या संयमामुळेच ती आज सुसेच्या झिपर या पॅकेज व्यवस्थापकात आहे, फेडोराच्या डीएनएफमध्ये आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी संबंध नसलेल्या मांबामध्येही आहे. २०२३ पासून कोंडाही मुळात तिच्यावरच चालते. एपीटीमध्येही सगळा प्रश्न मजकुराच्या रूपात बाहेरच्या सॉल्व्हरला देण्याची सोय आहे. प्रश्न मजकुरात उतरवता आला की तो जपून ठेवता येतो: शाळेतल्या संगणकावर जमले नाही, तर ती फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणून तोच घोळ आपल्या टेबलावर पुन्हा घडवता येतो.

दुसरी गोष्ट मराठीच्या दृष्टीने फार जवळची आहे. लायब्ररीने वाक्ये छापू नयेत. नकार द्यायचा असेल तर कारण माहितीच्या रूपात द्यावे: कारणाचा प्रकार, मागणारे पॅकेज, मागितलेले पॅकेज, हवी असलेली आवृत्ती. मी मराठी भाषांतराचे काम केले आहे, आणि इंग्रजी वाक्याचे तुकडे कोडात जोडलेले आढळले की हात टेकावे लागतात. तिथे पहिले नाव, मग क्रियापद, मग दुसरे नाव अशी जोडणी असते. मराठीत ‘अमुक पॅकेजला तमुक पॅकेज लागते’ असे क्रियापद शेवटी येते, शिवाय नावाला प्रत्यय लागतो. पॅकेजच्या नावाला थेट ‘ला’ किंवा ‘वर’ चिकटवले तर नाव कोठे संपले ते वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून मध्ये ‘पॅकेज’ हा शब्द घालून प्रत्यय त्याला लावावा लागतो. हे सगळे दर्शनी प्रोग्रामच्या हाती असले तर जमते. लायब्ररीच्या पोटात वाक्य तयार होऊन आले, तर शाळेतल्या बाईंना कळेल असे मराठी त्यातून कधीच निघणार नाही.

गलबत, गुहागर

याच धर्तीवर आणखी एक. लायब्ररीने घड्याळही स्वतः पाहू नये.

रास्पबेरी पाय या लहानशा संगणकाच्या चौथ्या पिढीपर्यंत यंत्रावर स्वतंत्र घड्याळच नव्हते. पाचव्या पिढीत ते आले, पण त्याची बॅटरी वेगळी बसवावी लागते. जेटीवर हवामानाची माहिती दाखवणारा असा एक पाय मी सांभाळतो. रात्रभर वीज नसली की सकाळी तो उठतो तो काल संध्याकाळच्या वेळेत. जाळ्यावरून वेळ मिळण्याआधी अपडेट सुरू झाले तर एपीटी सांगते, की भांडाराची यादी अजून वैध झालेली नाही, कारण तिच्यावरची तारीख पायच्या हिशेबी भविष्यातली असते. उलट बाजूने, सुरक्षा भांडाराच्या यादीला मुदतही असते, म्हणजे जुनी यादी कोणी फसवून गळ्यात मारू नये. एपीटीची ही सावधगिरी योग्यच आहे. पण साकव यांची यादी पेन ड्राइव्हवर आठ-दहा दिवस फिरणार असेल, तर ती वाटेतच शिळी होईल.

सही तपासणाऱ्या विभागाला ‘आता किती वाजले’ हे बाहेरून सांगावे आणि त्याने फक्त उत्तर द्यावे: सही खरी आहे, तारीख अमुक आहे, मुदत तमुक दिवशी संपली. पुढे काय करायचे ते वरचा प्रोग्राम ठरवील. असे केले की चाचणीत २०३८ साल घालून पाहता येते, त्यासाठी यंत्राचे घड्याळ बदलावे लागत नाही. सही खोटी निघाली तर मात्र वरच्या प्रोग्रामला काही ठरवू देऊ नये; तिथे लायब्ररीने पुढचे दारच उघडू नये.

साकव, मालवण

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन दिवस मी कागदावर पुन्हा आखणी करत होतो, ती इथे मांडतो.

बाहेर द्यायच्या लायब्रऱ्या दोनच. पहिली वाचणारी: याद्या, नोंदवही आणि सॉल्व्हर. तिला सी लायब्ररीखेरीज काही लागणार नाही, ती डिस्कवर लिहिणार नाही, जाळ्यावर जाणार नाही, घड्याळ पाहणार नाही आणि वाक्य छापणार नाही. याद्या दाबलेल्या असतात हे खरे, पण त्या उलगडून तिच्या हाती देणे हे वरच्या प्रोग्रामचे काम. वाचनालयातला पडदा हीच लायब्ररी जोडील. दुसरी लिहिणारी: सही तपासणे, उलगडणे, कामाला लावणे आणि नोंद. ती सर्वाधिकाराने चालेल. आत तिचे चार विभाग राहतील, पण बाहेरून दिसणारे दार एकच असेल: ‘हा बदल घडव’. उलगडून नोंद न करता बाहेर पडण्याचा रस्ताच हेडरमध्ये असणार नाही, आणि एफसिंक गाळण्याचा पर्यायही नाही. उतरवून घेणे मी लायब्ररीत ठेवतच नाही. तो स्वतंत्र प्रोग्राम, वेगळ्या आणि अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालेल. एपीटी २०१५ पासून असेच करते.

‘वीज गेली तर’ हा माझा निकष एकटा पुरत नव्हता, हे कातळ यांच्या उदाहरणाने पटले. केवळ त्यावर गेलो असतो तर सही तपासणे पहिल्या लायब्ररीत आले असते, कारण त्यातही डिस्कवर काही लिहिले जात नाही. आणि मग पडदा दाखवणाऱ्याच्या गळ्यात कूटलेखनाची (क्रिप्टोची) लायब्ररी पडली असती.

नवखा, रत्नागिरी

स्ट्रक्चरचा प्रयोग मी करून पाहिला. खरोखरच शेजारच्या चलाची किंमत बदलली आणि प्रोग्राम शांतपणे चालत राहिला. आता आणखी एक शंका: लिहिणारी लायब्ररीच अर्धवट बसली तर? दुरुस्त करणारेच साधन मोडले, तर दुरुस्ती कशाने करायची?

कातळ, राजापूर

याची उत्तरे वेगवेगळ्या प्रणालींनी वेगवेगळी दिली आहेत. फ्रीबीएसडी या प्रणालीमध्ये ‘पीकेजी’ या पॅकेज व्यवस्थापकाच्या सोबत ‘पीकेजी-स्टॅटिक’ नावाची दुसरी प्रत असते. तिला लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्या तिच्या पोटातच असतात, त्यामुळे बाहेरच्या लायब्रऱ्या मोडल्या तरी ती चालते. डेबियनचा नियम असा, की ज्या पॅकेजांवर ‘एसेन्शियल’ असा शिक्का आहे, ती नुसती उलगडलेली आणि अजून कामाला न लावलेली असली तरी त्यांचे मूळ काम चालले पाहिजे. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे डेब फाइलीचा साधेपणा. ती एक ‘एआर’ संग्रहिका (अनेक फाइलींची एक फाइल; टारही तसाच प्रकार) असते आणि तिच्यात तीनच गोष्टी असतात: आवृत्तीची एक लहान फाइल, माहितीचा टार आणि प्रत्यक्ष फाइलींचा टार. डीपीकेजी नसली तरी ‘एआर’, ‘टार’ आणि संकुचन उलगडणारे साधन एवढ्यांनी पॅकेज हाताने उघडता येते.

साकव यांनी लिहिणाऱ्या लायब्ररीवर बांधलेला एक स्टॅटिक प्रोग्राम प्रत्येक यंत्रावर आणि शिवाय पेन ड्राइव्हवर ठेवावा. आपण डेब फाइली वापरत आहोत तोवर स्वतःची नवी फाइल-रचना काढण्याच्या फंदात पडू नये.

साकव, मालवण

स्टॅटिक प्रतीची सूचना घेतली. काल घरच्या जुन्या डेस्कटॉपवर लिहिणाऱ्या लायब्ररीची पहिली चाचणी केली. बॅकअप घेतला, जेपेगचेच ते पॅकेज चढवायला लावले आणि उलगडण्याच्या मध्यावर भिंतीवरचे बटण बंद केले. पुन्हा सुरू केल्यावर ‘न्यू’ शेपटाची एक फाइल तशीच पडलेली होती, जुनी लायब्ररी जागेवर आणि पूर्ण लांबीची होती, आणि नोंदवहीत त्या पॅकेजपुढे ‘अर्धे बसलेले’ असे लिहिलेले होते. चित्रे उघडत होती. स्टॅटिक प्रोग्राम चालवला, त्याने नोंद वाचली, शेपटाची फाइल काढली आणि काम पुन्हा पहिल्यापासून करून पुरे केले.

दुसऱ्या वेळी बटण नोंद लिहिली जात असतानाच्या क्षणी बंद करायचे होते, पण तो क्षण हाताने साधत नाही. त्यासाठी प्रत्येक एफसिंकच्या आधी आणि नंतर प्रोग्राम मुद्दाम मारणारी चाचणी लिहितो आहे. ती पुरी होईपर्यंत शाळांतल्या यंत्रांना हात लावणार नाही. गुरुवारच्या फेरीत फक्त वाचणारी लायब्ररी आणि वाचनालयाचा पडदा एवढेच बसवीन.